बीपी वाढला की जीव घाबरला?

आपल्या वाडीतले म्हातारे माणूस ‘मला चिंता लागली आहे’ असे सहसा सांगत नाही. छातीत धडधडतंय, डोकं जड झालंय, हातापायांतलं बळ गेलंय, जीव घाबरा होतोय, असे ते सांगते. घरातली माणसे ऐकतात आणि एका शब्दात निकाल लावतात: ‘बीपी वाढला.’ मग गोळीची शोधाशोध होते, मुंबईला फोन जातो, कुणीतरी रिक्षा आणायला धावते. पुष्कळदा दवाखान्यात पोचेपर्यंत आकडा खाली आलेला असतो आणि ‘टेन्शन घेऊ नका आजी’ एवढे ऐकून सगळे घरी परततात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

या अंकात आम्ही याच गोष्टीबद्दल लिहीत आहोत. रक्तदाब असलेल्या वयस्क माणसाला लागणारी भीती हा वेगळा त्रास आहे आणि त्यावर वेगळे औषधपाणी आहे. तो ‘बीपी’ या नावाखाली दडून राहिला, तर दोन्हींचा उपचार बिघडतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा जाणवतच नाही. वरचा आकडा १७० असलेला माणूस दिवसभर कवळ तोडतो आणि रात्री निवांत जेवून झोपतो. त्याला काहीच होत नाही, म्हणून तो गोळी बंद करतो, आणि हाच या आजाराचा खरा धोका आहे. याउलट छातीतली धडधड, घाम, थरथर, तोंडाला पडलेली कोरड, हातापायांना आलेल्या मुंग्या ही भीतीची लक्षणे आहेत. भीती वाटली की शरीर पळण्याच्या तयारीला लागते. हृदय जोरात चालते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या वेळी पट्टा बांधला तर आकडा वाढलेला दिसतो. म्हणजे आकडा वाढला म्हणून जीव घाबरला असे आपल्याला वाटते, पण घडलेले बहुधा उलटे असते. भीती ओसरली की अर्ध्या-पाऊण तासात आकडाही उतरतो. वय झाल्यावर रक्तवाहिन्या ताठर झालेल्या असतात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाचा आकडा तरुणापेक्षा जास्त वरखाली होतो. सकाळी १३८ आणि दुपारी १५४ आला, तर तेवढ्यावरून काही बिनसले असे होत नाही.

आता घराघरांत मशीन आले आहे. मुंबईतला मुलगा मे महिन्यात येताना घेऊन येतो आणि ते चांगलेच आहे. पण त्याबरोबर रोजचा फोनही सुरू होतो. ‘आये, आज किती आला?’ आईने १५० सांगितले की पलीकडचा आवाज बदलतो. तो बदललेला आवाज तिला बरोबर कळतो. फोन ठेवल्यावर ती पुन्हा पट्टा बांधते, १५८ येतो. तिसऱ्यांदा बांधते, १६६. दिवसातून आठ-दहा वेळा बीपी मोजणारी म्हातारी माणसे आज प्रत्येक वाडीत सापडतील. मोजल्याने भीती वाढते, भीतीने आकडा वाढतो, आणि वाढलेला आकडा बघून पुन्हा मोजावेसे वाटते. मुंबईच्या मुलांना आमची विनंती आहे की फोनवर पहिला प्रश्न आकड्याचा नको. काय जेवलीस, कोण येऊन गेलं, फणस लागला का, हे आधी विचारा.

मोजण्याची रीतही बहुतेक घरांत चुकते. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, मिश्री-तंबाखू नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यावे. भिंतीला किंवा खुर्चीला पाठ टेकून, पाय खाली जमिनीवर टेकवून पाच मिनिटे गप्प बसावे. हात टेबलावर किंवा उशीवर, छातीच्या उंचीला ठेवावा. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, पोलक्याच्या किंवा शर्टाच्या बाहीवर नाही. मोजताना बोलू नये, शेजारच्यांनीही बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. डॉक्टरांकडे जायच्या आधीचा आठवडा सकाळ-संध्याकाळ असे मोजले, तर डॉक्टरांना त्या वहीतून पुष्कळ कळते. एरवी तब्येत ठीक असताना आठवड्यातून एक-दोन वेळा पुरे. दवाखान्यात १४०/९० च्या वर गेला तर वाढलेला म्हणतात, घरी मोजताना १३५/८५ ही रेघ धरतात, पण एका वेळच्या आकड्यावर कुणीही निकाल देत नाही. तुमच्या माणसासाठी कोणता आकडा ठीक, हे डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

गोळीचे दोन घोळ

भीतीला बीपी समजून जास्तीची गोळी देणे हा पहिला घोळ. ‘धडधडतंय ना, मग अजून एक घे’ असे शेजारीणही सांगते. रोजची गोळी चोवीस तास हळूहळू काम करणारी असते, दुसरी घेतल्याने घाबरणे थांबत नाही. पण दोन-तीन तासांनी दाब नको तितका उतरतो आणि रात्री लघवीला उठताना म्हातारे माणूस पडते. खुब्याचे हाड मोडले की पुढचे सगळे आयुष्य बदलते. सकाळी अंथरुणावरून उठताना चक्कर आली तर ते ‘बीपी वाढल्याने’ असे सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात उठल्यावर दाब एकदम उतरल्यानेही तसे होते, आणि वयस्कांत हे नेहमीचे आहे. म्हणून डॉक्टरांना सांगून एकदा बसून आणि एकदा उभे राहून बीपी मोजून घ्यावा. पूर्वी काही ठिकाणी जिभेखाली कॅप्सूल फोडून दाब झटकन उतरवायचे. तसे कुणी सुचवले तरी करू नका. दाब एकदम कोसळला तर मेंदूला रक्त कमी पडते.

दुसरा घोळ गोळी सोडण्याचा. बीपी टेन्शनमुळेच वाढतो असे एकदा डोक्यात बसले, की टेन्शन नसलेल्या दिवशी गोळी लागत नाही असा हिशोब होतो. भीती ही रक्तदाबाच्या आजाराची जागा घेत नाही. ज्याला दोन्ही आहेत त्याने बीपीची गोळी रोज घ्यायची, मन शांत असले तरीही. काही गोळ्या, विशेषतः हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या, अचानक थांबवल्या तर दाब आणि धडधड दोन्ही उसळतात.

आणि एक इशारा आम्ही ठळकपणे देतो. म्हाताऱ्या माणसाला पहिल्यांदाच असे घाबरे झाले असेल, तर ते भीतीचे आहे असे घरी बसून ठरवू नका. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. नुसता दम लागतो, घाम सुटतो, मळमळते, जीव घाबरा होतो. ईसीजी निघाल्याशिवाय ‘टेन्शन आहे’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकून घेऊ नका. छातीवर दाबल्यासारखे वाटणे, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन लावा, मशीन शोधत बसू नका. आकडा १८०/१२० च्या वर आला पण बाकी काहीच त्रास नाही, तर पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

हृदय ठीक आहे असे कळल्यावरही धडधडीचे मूळ शोधायला हवे, कारण ते दर वेळी मनातच असते असे नाही. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण लांबले की साखर उतरते आणि थरथर, घाम, घाबरेपणा येतो. तेव्हा दोन चमचे साखर पाण्यातून दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बरे वाटले, तर ते साखरेचेच होते. दम्याचा पंप, थायरॉईडचा आजार, अंगात रक्त कमी असणे यांनीही छाती धडधडते. ॲम्लोडिपिन ही बीपीची नेहमीची गोळी काहींना सुरुवातीला धडधड आणते, चेहरा गरम करते, घोट्यांना सूज आणते. गोळी परस्पर बंद न करता हे डॉक्टरांना सांगायचे असते. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी आणि सर्दीची गोळी बीपी वाढवतात. आणि मिश्री. आपल्या आया-आज्यांना ती दात घासण्याची पूड वाटते, पण ती जळकी तंबाखू आहे. दिवसातून चार वेळा मिश्री लावणाऱ्या आजीच्या हृदयाचे ठोके चार वेळा वाढतात. धडधड वाटली की जिवाला बरे वाटावे म्हणून ती परत मिश्रीच लावते.

मीठही इथेच सांगून टाकतो. दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक लहान चमचाही नाही. पावसात ताजी मासळी नसते तेव्हा सुकट, बोंबील, खारे हेच जेवण असते, ते सोडा म्हणून आम्ही सांगणार नाही. सुकी मासळी कोमट पाण्यात भिजवून ते पाणी दोनदा फेका आणि कालवणात वरून मीठ घालू नका. त्या दिवशी ताटात लोणचे नको.

पावसाची भीती

आपल्या जिल्ह्यात म्हाताऱ्या माणसांच्या भीतीला काही खरी कारणे आहेत. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली, मंडणगडकडची छपरे उडवली. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली होते आणि त्याच दिवसांत खेड तालुक्यातल्या पोसरे बौद्धवाडीवर दरड कोसळून घरे माणसांसकट गाडली गेली. आपल्या कितीतरी वाड्या गावाच्या कडेला, डोंगराच्या उताराला किंवा पऱ्याच्या काठाला आहेत. तिथे राहायचे आपल्या वाडवडलांनी निवडलेले नव्हते, हेही विसरून चालणार नाही. अशा वाडीतली आजी रात्री पाऊस कोसळायला लागला की उठून बसते, दार उघडून डोंगराकडे बघते आणि सकाळी तिचा बीपी वाढलेला असतो. तिला ‘उगाच घाबरतेस’ म्हणणे बरोबर नाही.

अशा भीतीवर पहिला उपाय म्हणजे तयारी. मुसळधार पावसाचा इशारा आला की झोपायला कुणाच्या घरी जायचे, हे मिरगाच्या आधी ठरवून टाका. नेणारा कोण तेही ठरवा. विहार किंवा शाळा सुरक्षित जागी असेल तर तिची चावी कुणाकडे असते हे म्हाताऱ्यांना माहीत हवे. एका पिशवीत पंधरा दिवसांच्या गोळ्या, बीपीची वही, चष्मा, आधार कार्ड आणि टॉर्च भरून दाराशी टांगा. आपल्याला न्यायला कुणीतरी येणार आहे, हे ठाऊक असलेली आजी त्या रात्री थोडी तरी झोपते. कागदोपत्री वाडीच्या पुनर्वसनाचे जे काय चालले असेल, त्याचा पाठपुरावा पंचायतीने करायचा आहे, तो भार तिच्यावर नको.

बाकीची भीती जास्त मुकी असते. पोरे मुंबईला, सून-नातवंडे विरार-नालासोपाऱ्याला, घरात दोघे म्हातारे किंवा एकटीच. रात्री काही झाले तर कोण उठवील? आपण अंथरुणाला खिळलो तर पोराची नोकरी जाईल. शेजारचा जोडीदार मागच्या महिन्यात झटक्याने गेला, त्यालाही बीपीच होता. असे विचार रोज येऊ लागले, ते थांबवता येईनात, झोप मोडू लागली, माणूस विहारात, लग्नाकार्यात, बाजारात जाणे टाळू लागले आणि असे कित्येक महिने चालले, तर हा आजार आहे आणि तो बरा होतो. पुष्कळदा सोबत उदासीही असते. भूक नाही, कशात मन नाही, ‘आता जगून काय करायचं’ अशी भाषा. ही भाषा ऐकली तर चेष्टेवारी नेऊ नका, त्याच दिवशी जवळ बसून सरळ विचारा आणि मदत मागा.

मदत मागण्याच्या आड आपल्याकडे एक शब्द येतो, आणि तो शब्द आहे ‘रत्नागिरी’. इतर जिल्ह्यांत ठाण्याला किंवा येरवड्याला न्यायचे म्हणतात, कोकणात ‘रत्नागिरीला न्यायला पाहिजे’ म्हणतात. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या जिल्ह्याच्या गावात आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नावाने आपण एकमेकांना चिडवत आलो. त्यामुळे जीव घाबरतो हे सांगितले तर आपल्याला तिकडे टाकतील, अशी भीती म्हाताऱ्या माणसाला वाटते आणि ते तोंड बंद ठेवते. खरे तर तिथेही इतर दवाखान्यांसारखाच बाह्यरुग्ण विभाग असतो. माणूस सकाळी जातो, दाखवतो, गोळ्या घेऊन दुपारच्या एसटीने घरी येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार नातेवाईक म्हणतात म्हणून कुणाला डांबून ठेवता येत नाही. डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, मुदत असते, मंडळाकडे दाद मागता येते. आणि चिंतेच्या आजारासाठी बहुतेकांना तिथवर जावेही लागत नाही. सुरुवात जिथे बीपीची गोळी मिळते तिथेच करायची. ‘डॉक्टर, आकडा ठीक आहे, पण रात्री जीव घाबरतो, झोप नाही’ हे वाक्य प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलायचे. तिथून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते.

बाबासाहेबांचे उदाहरण इथे आठवते. संविधानाच्या मसुद्याच्या कामानंतर मधुमेह आणि पायांतल्या वेदनांनी त्यांची झोप उडाली होती. ते उपचारासाठी मुंबईला आले आणि तिथेच डॉ. शारदा कबीर यांची साथ मिळाली. १५ एप्रिल १९४८ ला त्यांचा विवाह झाला आणि त्या माईसाहेब झाल्या. त्यांचे मूळ घराणे राजापूर तालुक्यातल्या दोर्ल्याचे, आपल्याच जिल्ह्यातले. झोप येत नाही हे डॉक्टरला सांगण्यासारखे दुखणे आहे, एवढ्यासाठीच हे लिहिले.

उपचार काय असतो? समुपदेशन म्हणजे भीतीबद्दल माहीतगार माणसाशी सावकाश बोलणे. काहींना रोज घ्यायची गोळी देतात. ती दोन ते चार आठवड्यांनी गुण देते, त्याआधी ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडू नये. तिची सवय लागत नाही, पण बंद करताना डॉक्टरांना विचारून हळूहळू बंद करायची. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर ती या डॉक्टरांना दाखवाच, कारण वयस्कांत दोन्ही मिळून रक्तातले सोडियम उतरते आणि माणूस गोंधळल्यासारखे करते. मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची गोळी मात्र घातक आहे. पहिले काही दिवस गाढ झोप लागते, मग तिच्याशिवाय डोळा लागत नाही, विसरभोळेपणा वाढतो आणि रात्री पडण्याचे प्रमाण वाढते. जे आधीपासून घेत असतील त्यांनी एकदम सोडू नये, डॉक्टरांकडून कमी करत आणावी.

श्वासाचा उपाय आपल्या माणसांना शिकवायला नको. आनापानाची सवय असेल तर घाबरे होताच पाठ टेकून बसावे, श्वास नाकाने घ्यावा आणि सोडताना घेतल्याच्या दुप्पट वेळ लावावा, असे पाच ते दहा मिनिटे. श्वास कोंडून धरू नये. पण दहा दिवसांच्या शिबिराला जायचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि शिबिरात गोळ्या बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर मानू नका. ज्याचे मन आधीच भीतीने भरले आहे त्याला तासन्‌तास एकटे गप्प बसणे कधी कधी जड जाते. अशा माणसाला संध्याकाळी चारचौघांत वंदनेला बसणे आणि जाता-येता अर्धा तास चालणे जास्त मानवते.

महिला मंडळांसाठी एक सूचना आहे. विहारात एक चांगले मशीन ठेवा, ठरलेल्या वारी संध्याकाळी वंदनेनंतर म्हाताऱ्यांचे बीपी मोजा आणि त्यांच्या वहीत लिहा. मोजणारी व्यक्ती एकच असावी आणि तिने आकडा बघून ‘अगो बाय, एवढा?’ असे तोंड करू नये. त्याच वेळी कुणाच्या गोळ्या किती उरल्या ते विचारा. उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात, पण पऱ्या भरला किंवा एसटी बंद झाली की म्हातारे माणूस जाऊ शकत नाही. आठ दिवसांच्या उरल्या असतानाच आशाताईला कळवले पाहिजे. ज्यांचे कुणी गावात नाही त्यांच्या घरी रात्री एक हाक मारण्याची पाळी लावता आली तर पाहा. खर्च काही नाही.

आणि मशीनच्या डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत तीन नंबर लिहून चिकटवा. १०८, रुग्णवाहिकेसाठी. १४४१६, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी, फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलता येते. १४५६७, ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८. आजीला नंबर लावता येत नसेल तर साध्या फोनच्या एका बटणावर शेजाऱ्याचा नंबर भरून द्या आणि तिच्याकडून दोनदा लावून बघा.